वडगावचा माग, वडिलांचा श्वास आणि संत थॉमस अक्वायनस

खानापूरकर (धागाकर्ता)

गेल्या पावसाळ्यात माझे वडील वारले. बेळगावातल्या एका रुग्णालयात ते अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होते. नवव्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा तिघा भावंडांना बाजूला बोलावले आणि यंत्र चालू ठेवायचे की काढायचे, असे विचारले. मोठा भाऊ म्हणाला, "देवानं दिलेला श्वास काढून घेणारे आपण कोण?" धाकटी बहीण म्हणाली, "हा श्वास देवाचा राहिलाय कुठे? हा यंत्राचा आहे." फादर येऊन आजाऱ्याला देतात तो तेलाचा संस्कार देऊन गेले होते आणि आईने उशाशी तेर्साची, म्हणजे रोझरीची, माळ ठेवली होती. तीस वर्षे मराठी शाळेत बोलण्याचाच व्यवसाय केलेला मी मात्र त्या बाकावर गप्प बसलो. ते गप्प बसणे मला अजून सलते, म्हणून हा धागा.

तेव्हापासून मी वाचत आहे, आणि ज्यांना मी दोन वेगळे प्रश्न समजत होतो ते एकच आहेत असे मला वाटू लागले आहे. श्वास देव देतो याचा नेमका अर्थ काय, हे कळल्याशिवाय रुग्णाच्या खाटेशी काय करावे हे ठरत नाही.

कॅथलिक तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) यांनी 'सुम्मा' या आपल्या धर्मशास्त्राच्या ग्रंथाच्या पहिल्या भागात, दुसऱ्या प्रश्नाच्या तिसऱ्या कलमात, ईश्वरास्तित्वाचे पाच मार्ग मांडले आहेत. हा सगळा मजकूर छापील दोन पानांच्या आसपास भरेल. त्याबद्दल सर्वांत जास्त पसरलेला गैरसमज असा, की जग कधीतरी सुरू झाले, सुरुवातीला कोणीतरी ढकलले असणार आणि तो ढकलणारा देव. असे अक्वायनस म्हणतच नाहीत. जगाला आरंभ होता हे ते श्रद्धेने मानत, पण केवळ तर्काने तसे सिद्ध करता येत नाही असे त्यांनी १२७० च्या सुमारास स्वतंत्र प्रबंध लिहून बजावले होते. आपल्या भागात, जिथे शेजारचा जैन आणि पलीकडचा वारकरी दोघेही जगाला अनादि मानतात, तिथे ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण "आमचे जग अनादि आहे" एवढ्या उत्तराने हा युक्तिवाद मोडत नाही.

माझी नोकरीची बरीच वर्षे बेळगावच्या विणकरांच्या वडगावात गेली, म्हणून मागाचेच उदाहरण देतो. आजोबांनी माग चालवला, मग वडिलांनी, आता नातू चालवतो. आजोबा गेले तरी नातवाचा माग थांबत नाही, आणि ही साखळी मागे कितीही लांबवली तरी अक्वायनसांची हरकत नाही. दुसरी साखळी मागाच्या आतली आहे. धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन धावणारा लाकडी तुकडा, दांडीच्या माराने पळतो, दांडी शाफ्टमुळे हलते, शाफ्ट पट्ट्याने फिरतो, पट्टा मोटारीने आणि मोटार विजेने. इथे प्रत्येक दुवा या क्षणी मागच्या दुव्यावर टेकलेला आहे. वीज नसेल तर मध्ये हजार पट्टे बसवले तरी धोटा हलणार नाही. अक्वायनस या दुसऱ्या साखळीविषयी बोलतात. त्यांचा देव काळाच्या मागच्या टोकाला बसलेला नाही. आत्ता जे जे आहे, त्याच्या असण्याखाली तो आहे.

तसे असेल तर वडिलांचा श्वास यंत्रातून येत असतानाही तो देवाकडूनच येत होता, आणि यंत्र काढल्यावर जे घडले तेही देवाच्या हाताबाहेर नव्हते. मग आमच्या हातात नेमके काय होते? जाणकारांनी लिहावे.

वडगावचा विणकर

सर, माग चांगला उभा केलात, पण एक गोष्ट रोजच्या कामातली सांगतो. वीज गेली की माग त्याच क्षणी थांबत नाही. जड चाकाला वेग आलेला असतो. त्या वेगावर आणखी दोन-चार वेळा धोटा पळतो आणि मग ताण्याच्या मध्येच अडकतो. पुढचा अर्धा तास तुटलेले धागे जोडण्यात जातो. सांगायचे ते एवढेच, की चालती वस्तू चालती राहायला कोणी सतत लोटावे लागत नाही. थांबवायला मात्र घर्षण लागते. न्यूटनने १६८७ साली हे मांडल्यावर तेराव्या शतकातल्या युक्तिवादाचा पायाच सुटतो, असे मला वाटते.

दुसरे म्हणजे, प्रत्येक गोष्टीला कारण हवे असेल तर देवालाही हवे, आणि देवाला नको असेल तर जगालाच नको म्हणून मोकळे का होऊ नये? माझे आजोबा माळकरी होते. मी ती माळ घातली नाही, ती याच प्रश्नामुळे. आपल्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटले.

खानापूरकर

तुमचा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो मागाच्या गावातून यावा याचा आनंदही आहे. गतीवरून मांडलेला पहिला मार्ग आजच्या भौतिकशास्त्रासमोर जसाच्या तसा ठेवता येत नाही. त्याचा बचाव करणारे गतीऐवजी सर्वसाधारण बदलाकडे वळतात, पण मला ती वाट आडवळणाची वाटते. माझा भर अक्वायनसांनी तरुणपणी लिहिलेल्या सत् आणि सार यांवरच्या छोट्या ग्रंथावर आहे.

तिथला विचार साधा आहे. माग म्हणजे काय हे मी मुलाला पूर्णपणे समजावून सांगू शकतो, पण त्या वर्णनातून जगात एकही माग शिल्लक आहे की नाही हे कळत नाही. 'काय आहे' आणि 'आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या वस्तूचे असणे तिच्या स्वरूपातून निघत नाही, तिला ते दुसरीकडून मिळते, आणि एकदाच मिळून भागत नाही. चाकातल्या वेगासारखे असणे पुढे साठून राहत नाही, कारण साठवायला आधी चाक असावे लागते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. "प्रत्येक गोष्टीला कारण हवे" असे अक्वायनस कुठेही म्हणत नाहीत. ज्याचे असणे उसने आहे त्यालाच कारण हवे, असे ते म्हणतात, आणि ज्याचे असणे हेच स्वरूप आहे त्याला ते देव म्हणतात.

यावरचा सर्वांत तगडा विरोध २८ जानेवारी १९४८ रोजी बीबीसीवर ऐकू आला. त्या दिवशी जेज्वीट पंथाचे फादर कोपल्स्टन आणि इंग्रज तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांची चर्चा झाली. रसेल म्हणाले की प्रत्येक माणसाला आई असते म्हणून मानवजातीला आई असते असे होत नाही, तसेच सुट्या वस्तूंना कारण असले तरी अख्ख्या विश्वाला कारण असलेच पाहिजे असे नाही, विश्व आहे एवढेच खरे. मला हे उत्तर प्रामाणिक वाटते, पण पुरेसे वाटत नाही. शहापूरच्या एखाद्या दुकानातले प्रत्येक लुगडे उधारीवर आणलेले असेल, तर दुकान कितीही भरलेले दिसले तरी अख्खा माल उधारीचाच असतो. काही गुण सुट्यांवरून समूहाला लावता येत नाहीत, हे रसेल यांचे म्हणणे खरे आहे, पण काही लावता येतात, आणि उसनेपणा हा मला त्यांतला वाटतो.

अकराव्या शतकातले संत अन्सेल्म यांचा युक्तिवाद, म्हणजे ज्याहून थोर काही कल्पिताच येत नाही ते केवळ मनात असूच शकत नाही हा, मी मुद्दाम बाजूला ठेवतो. तो अक्वायनसांनाही पटला नव्हता. महास्फोटाचा आधार घेणाऱ्यांनाही सबुरीचा सल्ला द्यावासा वाटतो. परमगुरू (पोप) बारावे पायस यांनी १९५१ च्या भाषणात त्या सिद्धांताची सांगड निर्मितीशी घातली, तेव्हा अस्वस्थ झालेले जॉर्ज लमेत्र हे स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते आणि त्या सिद्धांताचे जनकही होते. आपल्या समीकरणांवर देव उभा करू नये असे त्यांचे मत होते.

दूधगंगेकाठ

खानापूरकर सरांचा लेख आवडला. मी सदलग्याकडचा, जैन घरातला. कर्त्या ईश्वराचे खंडन आमच्याकडे नवव्या शतकात जिनसेनाचार्यांनी केले आहे. पूर्ण आणि कृतकृत्य असलेल्याला निर्मितीची इच्छा कशासाठी, हा त्यातला प्रश्न मला अजून बिनतोड वाटतो. पुढे उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त कार्यावरून कर्ता सिद्ध केला, तो मुख्यतः निरीश्वरवाद्यांना उत्तर म्हणूनच. सांगायचे एवढेच, की बेळगावच्या सेंट पॉल्ससारख्या मिशनरी शाळा इथे निघाल्या त्याच्या कितीतरी शतके आधीपासून हा वाद या मातीत चालू आहे.

पण मला खरे लिहायचे आहे ते वडिलांविषयी. आमच्या भागात मरणाकडे पाहण्याची एक वेगळी शिस्त आहे. भोजजवळ जन्मलेले आचार्य शांतिसागर यांनी १९५५ साली कुंथलगिरीला सल्लेखना, म्हणजे अन्न हळूहळू सोडून शांतपणे मरण स्वीकारण्याचे व्रत, घेतली. सदलग्यात जन्मलेले आचार्य विद्यासागर यांनी १८ फेब्रुवारी २०२४ रोजी डोंगरगडला सल्लेखनेतच देह ठेवला. त्या दिवशी आमच्या गावात कोणी आत्महत्या झाली असे म्हटले नाही. २०१५ साली राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा, म्हणजे हीच सल्लेखना, बेकायदा ठरवला होता, पण त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

बाहेरच्या लोकांना सहसा ठाऊक नसते ते असे, की तत्त्वार्थसूत्र या आमच्या ग्रंथात सल्लेखनेचे पाच अतिचार, म्हणजे दोष, सांगितले आहेत. त्यांत पहिला जीविताशंसा, जगण्याची हाव, आणि दुसरा मरणाशंसा, मरणाची इच्छा. लवकर मरावे असे मनात आले तरी व्रताला बाधा येते. तुमच्या चर्चला हे पटते का, हे जाणून घ्यायचे आहे.

रात्रपाळी

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. तत्त्वज्ञान माझे क्षेत्र नाही, पण खाटेशी काय असते ते लिहिते, कारण निर्णय बाहेरच्या बाकावर होतात आणि ते आत आम्ही पाहतो. नळी घशात असलेला माणूस बोलू शकत नाही. तो नळी ओढू नये म्हणून पुष्कळदा हात पट्टीने खाटेला बांधावे लागतात. दर काही तासांनी कफ ओढून घ्यावा लागतो, आणि तेव्हा शुद्धीत नसलेल्या माणसाच्याही डोळ्यांतून पाणी येते. एका आजोबांचे मनगट सोडले तेव्हा त्यांनी नळीला हात लावला नाही, माझा हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

कायद्याची माहिती इथे असावी. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३ च्या जानेवारीत त्याची पद्धत सोपी केली. शुद्धीत असताना दोन साक्षीदारांसमोर उपचारांविषयीचे इच्छापत्र करायचे आणि ते नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचे. वेळ आली की आधी रुग्णालयाचे वैद्यकीय मंडळ आणि मग दुसरे मंडळ मत देते, आणि उपचार थांबवण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवले जाते. कर्नाटक सरकारने जानेवारी २०२५ मध्ये त्याच्या अंमलबजावणीचा आदेश काढला. इतके असूनही आमच्याकडे येणाऱ्या नातेवाइकांपैकी असे कागद कोणी आणलेले मला आठवत नाहीत.

आणि एक विचारते, रागाने नव्हे. देव प्रत्येक क्षणी असणे देतो म्हणता, मग चार वर्षांच्या मुलाच्या रक्तातल्या कर्करोगाला असणे कोण देतो?

खानापूरकर

सिस्टर, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला आधी हात घालतो. अक्वायनसांनी त्या कलमात ईश्वराविरुद्ध दोनच आक्षेप नोंदवले आहेत. जगात वाईट आहे, हा पहिला. निसर्गाने सर्व काही समजावता येते मग देव कशाला, हा दुसरा. पहिला तुमचा आहे, दुसरा वडगावच्या मित्राचा. सात शतकांत यांहून बळकट तिसरा आक्षेप मला तरी सापडला नाही. परंपरेचे उत्तर असे, की वाईट ही स्वतंत्र वस्तू नाही, ती असायला हव्या त्या चांगल्याची उणीव आहे. कर्करोगाच्या पेशी पेशी म्हणून जिवंत आहेत, बिघाड त्यांच्या क्रमात आहे. तर्काला हे धरून आहे. पण त्या मुलाच्या आईसमोर मी हे वाक्य उच्चारणार नाही, आणि जो उच्चारील त्याला खोलीबाहेर नेईन. युक्तिवादाने देव आहे असे दाखवता येईल, त्याने हे का होऊ दिले ते दाखवता येत नाही. तिथे आमच्याकडे क्रूस आहे, आणि क्रूस हा युक्तिवाद नाही.

आता वडिलांकडे आणि दूधगंगेकाठच्या अण्णांच्या प्रश्नाकडे वळतो. अण्णा, मरणाशंसा हा दोष आहे हे वाचून मी रात्री बराच वेळ जागा होतो, कारण कॅथलिक विचाराची कळ नेमकी तिथेच आहे. सोळाव्या शतकात सालामान्का विद्यापीठात शिकवणारे फ्रान्सिस्को दे व्हिटोरिया यांनी विचारले होते की आजाऱ्याने जगण्यासाठी किती करणे बंधनकारक आहे. त्यांचे उत्तर असे, की वैद्याने कोंबडी आणि तितरच खा म्हणून सांगितले तरी ते खाण्याची सक्ती नाही, साधे अन्न घेतले तरी पुरे. त्याहून पुढे जाऊन ते म्हणतात की अन्नाचा घास ज्याला छळासारखा होतो, त्याने तो घेतला नाही तर त्याला निदान महापापाचा दोष लागत नाही. म्हणजे जीव राखण्याचे कर्तव्य आहे, पण ते अमर्याद नाही.

हाच धागा बाराव्या पायसपर्यंत आला. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांनी त्यांना कृत्रिम श्वसनयंत्राविषयीच विचारले होते. त्यांचे उत्तर होते की नेहमीची साधने वापरणे कर्तव्य आहे, असाधारण साधने नाही. ज्या रुग्णात आशा उरलेली नाही त्याचे यंत्र रक्ताभिसरण थांबण्याआधीही काढता येते, आणि ते जीव घेणे ठरत नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनी वेदना शमवण्याचे औषध आयुष्य थोडे कमी करण्याचा संभव असला तरी देता येते, असे सांगितले होते. त्यामागे अक्वायनसांनी स्वसंरक्षणाविषयी मांडलेला विचार आहे. एका कृतीला दोन परिणाम असू शकतात, एक इच्छिलेला आणि एक केवळ पत्करलेला. मॉर्फिन देणारी सिस्टर वेदना थांबवू पाहते. मरण आले तरी ते तिने साधन म्हणून वापरलेले नसते. याउलट मारण्यासाठीच सुई दिली, तर करुणेने दिली असली तरी ती हत्याच, असे चर्च म्हणते आणि मला ते बरोबर वाटते.

हे शब्दांचे खेळ आहेत असे पुष्कळ जण म्हणतात. मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण पहिल्या लेखात आहे. आपले असणे उसने आहे हे खरे असेल, तर आपण त्याचे मालक नाही आणि म्हणून ते संपवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण उसन्या वस्तूला मुठीत आवळून ठेवणे हेही मालकी सांगणेच झाले. माझ्या भावाला पहिले अर्धे ठाऊक होते, बहिणीला दुसरे. मी दोन्ही सांगू शकलो असतो.

अण्णा, मतभेद उरतो तो इथे. अन्नपाणी हा उपचार आहे की सेवा? २००४ साली पोप दुसऱ्या जॉन पॉल यांनी सांगितले की दीर्घकाळ बेशुद्ध असलेल्या रुग्णाला नळीतून दिलेले अन्नपाणीही तत्त्वतः नेहमीचे साधन आहे. हल्ल्यानंतर भान हरपलेल्या हळदीपूरच्या परिचारिका अरुणा शानबाग यांना मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी १९७३ पासून २०१५ पर्यंत, म्हणजे तब्बल ४२ वर्षे, सांभाळले. त्यांचे अन्न थांबवण्याच्या याचिकेला २०११ साली नकार मिळाला, तेव्हा त्याच परिचारिका सर्वांत जास्त आनंदल्या होत्या. चर्च तिथे परिचारिकांच्या बाजूने उभे राहील. पण पचवण्याची शक्तीच गेलेल्या, निर्वाणीच्या म्हाताऱ्याने घास नाकारला, तर व्हिटोरिया तुमच्या आचार्यांपासून फार दूर उभे नाहीत. शरीर अजून अन्न घेऊ शकत असताना व्रत म्हणून ते सोडणे, एवढ्यापुरतेच आमचे जमत नाही. मी ते नाकारतो, आणि आचार्य विद्यासागरांपुढे मान झुकवतो. दोन्ही मी मनापासून करतो.

टिळकवाडी

सर, मरणाविषयी आपण इतके सौम्य लिहिता, मग जन्माविषयी आपले चर्च इतके कठोर का? माझी मुलगी टेस्ट-ट्यूब पद्धतीने झाली. दोनदा अपयश आले, तिसऱ्या वेळी ती आली, आता पाचवीत आहे. आपल्याच युक्तिवादाने तिचे असणे देव प्रत्येक क्षणी देतो. मग तो जे देतो ते घेणे चूक कसे? आणि चर्चची शिकवण बदलत नाही म्हणता, तर देहदंड तेवढा कसा बदलला? आपल्या हिंडलग्याच्या कारागृहात फाशीचा तख्त आहे. पूर्वी चर्चला तो चालत होता ना?

खानापूरकर

ताई, तुमच्या मुलीचे असणे ही चूक आहे असे कोणीही म्हणू शकत नाही. १९८७ च्या ज्या दस्तऐवजात चर्चने या पद्धतीला नकार दिला, त्यातच लिहिले आहे की जन्मलेले प्रत्येक मूल, ते कसेही जन्मलेले असो, देवाच्या चांगुलपणाची जिवंत देणगी म्हणून स्वीकारले पाहिजे. आक्षेप दोन आहेत. एक असा, की मूल पतिपत्नींच्या मीलनातून यावे, प्रयोगशाळेतल्या कामातून नव्हे. दुसरा, की या पद्धतीत जादा गर्भ तयार होतात, गोठवले जातात, टाकले जातात. दुसरा आक्षेप मला पूर्ण पटतो. पहिला मला समजतो, पण त्याची पकड माझ्या मनावर तितकी बसत नाही, आणि पटले असे खोटे मी इथे लिहिणार नाही.

देहदंडाबाबत चर्चने ऑगस्ट २०१८ मध्ये धर्मशिक्षणाच्या ग्रंथातले २२६७ वे कलम बदलून तो अस्वीकार्य ठरवला. अक्वायनसांना तो मान्य होता. हा खरा बदल आहे आणि त्याला नुसता विकास म्हणून झाकणे मला आवडत नाही. पण बदलाची दिशा पाहा: गुन्हेगाराचेही असणे आपल्या मालकीचे नाही, या बाजूने तो झाला.

वडगावचा विणकर

सर, उधारीच्या लुगड्यांनी मला दोन दिवस छळले. मला अजून देव पटलेला नाही. रसेलसारखेच "आहे म्हणून आहे" म्हणणे मला जमते, पण आता ते म्हणताना मी काहीतरी अर्धवट टाकून उठतो आहे असे वाटते, एवढे मान्य करतो.

सिस्टरांनी सांगितलेला कागद मी वकिलाकडून आणला आहे. आपण आपला भरणार असाल तर दोन साक्षीदार लागतील, एक मी होतो. फक्त एक ओळ तुम्ही स्वतःच्या शब्दांत लिहून द्या. यंत्र काढावे हे स्पष्ट आहे, पण पाणी आणि पेज याबद्दल तुमचे आणि अण्णांचे जे झाले ते मसुद्यात नाही, आणि तिथे ऐन वेळी तुमची मुले बाकावर बसून भांडतील.

खानापूरकर

येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर तुमच्याकडे येतो. ओळ अशी लिहितो आहे: "घशाखाली उतरते तोवर पेज आणि पाणी चमच्याने द्यावे, उतरेनासे झाले की ओठ ओले करावेत, नळी घालू नये."

दूधगंगेकाठ

दुसरा साक्षीदार मी. सदलग्याहून सकाळची गाडी धरतो.